सोसायटीत ईव्ही चार्जर बसवायला सबसिडी खरंच मिळते का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला, ७२ फ्लॅट, बिल्डिंग २०११ ची, खाली स्टिल्ट पार्किंग आणि मागे थोडं ओपन. मी यंदा सेक्रेटरी झालोय. आत्ता चार इलेक्ट्रिक गाड्या आणि नऊ-दहा स्कूटर आहेत, अजून तिघांनी बुकिंग केलंय असं कानावर आलंय.

पहिल्या दोघांनी कमिटीला पत्र देऊन आपापल्या घरच्या मीटरवरून केबल पार्किंगपर्यंत ओढून घेतली, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग तिसऱ्याने ओढली, चौथ्याने ओढली, आणि आता मीटर रूमच्या बाहेरच्या भिंतीवर केबलींचा नुसता गुंता झालाय. एक केबल तर चक्क पाण्याच्या पाइपला टाय मारून नेलीय. परवा प्लंबर आला तो म्हणाला साहेब मी इथे हात लावणार नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

मागच्या आठवड्यात एका चार्जर विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. सहा चार्जरचं कोटेशन दिलं, त्यात खाली ठळक अक्षरात "शासकीय अनुदान ६०% वजा" लिहून रक्कम काढलेली. पण म्हणे आधी सोसायटीने पूर्ण पैसे भरायचे, अनुदान नंतर सोसायटीच्या खात्यात जमा होईल. ते ६० टक्के बघून सगळे सभासद खूश, ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस, फक्त आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या की कुठल्या योजनेतून मिळणार त्या जीआरचा नंबर आणा मगच चेक फाडीन. तो माणूस चार दिवस झाले फोन उचलत नाहीये.

तर मला जाणकारांकडून समजून घ्यायचंय की सोसायटीला चार्जरसाठी सरकारकडून खरंच काही मिळतं का, मालमत्ता करात सूट असते म्हणतात ती मिळते का, आणि वेगळं मीटर घ्यावं की घरच्या मीटरवरच चालू द्यावं. लोकांचे पैसे आहेत, चुकीच्या भरवशावर खर्च व्हायला नकोत म्हणून विचारतोय.

वायरिंगवाले_तात्या

सेक्रेटरी साहेब, तुमच्या खजिनदार काकूंना माझा नमस्कार सांगा. चेक अजिबात फाडू नका.

ते ६० टक्के कुठून आले ते सांगतो. महाराष्ट्राचं २०२१ चं ईव्ही धोरण होतं, त्यात स्लो चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये एका चार्जरमागे, असं प्रोत्साहन होतं, आणि तेही राज्यातल्या पहिल्या १५,००० चार्जरना. फास्ट चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख, पहिल्या ५०० ना. हे सगळं पब्लिक आणि सेमी पब्लिक (ठरावीक लोकांनी मिळून वापरायच्या) चार्जिंगसाठी होतं, म्हणजे एखाद्याने स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःपुरता बसवलेला चार्जर त्यात धरत नव्हते. आणि मुख्य म्हणजे त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. तुमच्याकडे आलेला माणूस अजून तीच जुनी ओळ दाखवून माल विकतोय. मुदत चालू असती तरी दहा हजाराची मर्यादा होतीच की, त्याने ती मर्यादा लिहिली होती का कोटेशनमध्ये? नसणार.

नवीन धोरण २०२५ चं, २९ एप्रिलला मंत्रिमंडळाने मंजूर केलं, २०३० पर्यंत आहे. त्यात गाडी घेणाऱ्याला मोटार वाहन कर माफी आहे, टोल माफी आहे, अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून ती सुरूसुद्धा झाली. पण चार्जिंगचा पैसा मुख्यतः महामार्गावरच्या मोठ्या स्टेशनकडे वळवलाय. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह आहे, त्यात चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत, पण ते सार्वजनिक स्टेशनसाठी, तुमच्या स्टिल्टमधल्या खांबावरच्या डब्यासाठी नाही.

मालमत्ता कराचं असं, की २०२१ च्या धोरणात महानगरपालिकांनी खाजगी चार्जर लावणाऱ्यांना करात सूट द्यावी असं लिहिलं होतं. पण सूट द्यायची ती पालिकेने, त्यांच्या ठरावाने. तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या कर विभागात लेखी अर्ज टाकून लेखी उत्तर घ्या, तोंडी "हो मिळते" वर जाऊ नका. मिळाली तर वरचे पैसे समजा, बजेटमध्ये धरू नका.

जे पक्कं मिळतं ते कोणी सांगत नाही. चार्जरवर जीएसटी ५ टक्के आहे, ऑगस्ट २०१९ ला १८ वरून ५ केलाय. बरेच जण चार्जर, केबल, मजुरी सगळं एका आकड्यात घालून त्यावर सरसकट १८ लावतात. चार्जरची ओळ वेगळी, वायरिंगची ओळ वेगळी असं कोटेशन मागा. सहा चार्जरमध्येच चांगला फरक दिसेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, बावीस वर्षं हेच काम करतोय. चार्जर बहुतेक वेळा गाडीबरोबरच येतो. खरा खर्च केबलचा आहे. मीटर रूमपासून पार्किंग ५०-६० मीटर लांब असेल तर चांगली तांब्याची केबल, पाइप, एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आर्थिंग आणि मजुरी मिळून चार्जरच्या बरोबरीने पैसे जातात, कधी जास्तच. आणि हा खर्च तुमच्याकडे चार जणांनी चार वेळा केलाय, अजून तिघं करणार आहेत.

एक_सभासद

एवढं कशाला करताय, १५ अँपिअरचा सॉकेट लावून द्या प्रत्येकाच्या पार्किंगला, काम खल्लास. माझी गाडी दोन वर्षं त्याच्यावरच चालू आहे काही झालं नाही.

वायरिंगवाले_तात्या

सभासद भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. शहरात रोज ४० किलोमीटर गाडी चालली तर सहा-सात युनिट लागतात, ३.३ किलोवॅटवर दोन-सव्वादोन तासात भरून निघतं. त्यामुळे सगळ्यांना ७.२ किलोवॅटचाच चार्जर हवा हा हट्ट सोडला तर सोसायटीचा लोड निम्म्यावर येतो. दहा गाड्या एकदम लावल्या तर ७.२ प्रमाणे ७२ किलोवॅट, ३.३ प्रमाणे ३३. ट्रान्सफॉर्मर वाढवायला लागतो की नाही ते इथेच ठरतं.

पण साधा सॉकेट म्हणजे घरात मिक्सरला लावतो तो नव्हे. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्री सहा-आठ तास सलग ओढते. एक स्क्रू सैल राहिला की तिथे गरम व्हायला लागतं. मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीत मला बोलावलं होतं, सॉकेटचं झाकण काढलं तर आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन न्यूट्रलच्या पिनेला चिकटलेलं, वास अजून येत होता. मालकाला काहीच कल्पना नव्हती कारण गाडी चार्ज होत होती ना. इंडस्ट्रियल सॉकेट लावा, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आर्थिंग मोजून घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

मेघना_ठाणे

आमच्या सोसायटीत हे सगळं दीड वर्षापूर्वी झालंय म्हणून लिहितेय, आमच्याकडे ११० फ्लॅट आहेत. सबसिडी आम्हालाही नाही मिळाली. आम्ही तिच्या मागे चार महिने घालवले, ह्या टेबलवरून त्या टेबलवर, आणि तेवढ्या वेळात दोन जणांनी परस्पर केबल ओढून घेतल्या. ते चार महिने फुकट गेले ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी काय केलं ते सांगते. महावितरणकडे सोसायटीच्या नावाने ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेतलं. मीटर रूमपासून पार्किंगच्या मधोमध एकच जाडी आर्मर्ड केबल नेली, तिथे एक पॅनल बसवलं, आणि पॅनलमधून प्रत्येक गाडीला छोटी केबल आणि सबमीटर. छताखालून लोखंडी ट्रे टाकलाय, प्रत्येक केबलला फ्लॅट नंबरचा पत्रा लटकवलाय. आता नवीन माणूस आला की त्याला फक्त पॅनलपासून आपल्या जागेपर्यंतचे आठ-दहा मीटर करायचे असतात.

जनरल बॉडीत खरी अडचण आली ती पैशांची, कारण ज्यांच्याकडे ईव्ही नाही ते म्हणाले आम्ही का द्यायचं, आणि मला विचाराल तर त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मग असं ठरलं की मेन केबल, पॅनल आणि आर्थिंगचा खर्च आत्ताच्या चौदा ईव्हीवाल्यांनी समान वाटून भरायचा, पुढे जो येईल त्याने तेवढाच वाटा सोसायटीत भरायचा आणि तो आधीच्यांना परत जाणार. आम्हाला प्रत्येकी सुरुवातीला साधारण ३६ हजार आले, त्यानंतर पाच जण जोडले गेले तेव्हा त्यातले साडेनऊ हजार परत आले. ज्या काकांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता त्यांच्या मुलीनेच आता गाडी घेतलीय, तिचा वाटा त्यांनी स्वतः येऊन भरला.

बिलाचं पण सांगते कारण खरी बचत तिथे आहे. घरच्या मीटरला स्लॅब असतात, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. आमच्या घरी महिन्याला २२० च्या आसपास युनिट व्हायची. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते, म्हणजे दीडशेच्या वर युनिट वाढली, सरळ ३०० च्या पुढच्या महाग स्लॅबमध्ये गेलो. ईव्हीच्या वेगळ्या मीटरला असले स्लॅब नाहीत आणि वेळेप्रमाणे दर कमीजास्त होतो. फक्त फिक्स्ड चार्ज लागतो, त्यामुळे एकट्याने एका गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं तर परवडेलच असं नाही, पण दहा-पंधरा जणांत तो वाटला जातो. चालू दर बिलाच्या मागे किंवा महावितरणच्या साइटवर बघून आपल्या युनिटप्रमाणे हिशोब नक्की मांडा.

दिल्ली_ते_डोंबिवली

मेघनाताई एकदम मुद्देसूद. मी नोकरीनिमित्त २०२३ पर्यंत दिल्लीला होतो तिथलं सांगतो, कारण तिथे ही गोष्ट मला मिळाली होती. दिल्लीच्या २०२० च्या धोरणात पहिल्या ३०,००० स्लो चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत मदत होती. पैसे फार नव्हते, पण पद्धत चांगली होती. वीज कंपनीच्या पोर्टलवर जायचं, यादीतला चार्जर निवडायचा, त्यांचा माणूस येऊन बसवणार, आणि अनुदान वजा करूनच बिल. मला वेगळा अर्ज नाही, पावत्या जोडणं नाही, खात्यात कधी येतील ह्याची वाट बघणं नाही. स्कूटर आणि रिक्षासाठीचा छोटा चार्जर अडीच हजाराच्या आसपास पडायचा सगळं वजा जाऊन.

म्हणून सिंहगडरोडकर काका, कोणी "आधी भरा, नंतर मिळेल" म्हटलं की तिथेच थांबायचं. देणारा खरंच देणार असेल तर बिलातून वजा करून दाखवू दे.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये पण असंच आहे, बसवणाराच क्लेम करतो आणि आपल्या बिलात ती रक्कम कमी करून देतो. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, २०२३ मध्ये खर्चाच्या ७५ टक्के, कमाल ३५० पौंड असं मिळालं. स्वतःचं स्वतंत्र घर असलेल्यांसाठीची योजना मात्र मार्च २०२२ ला बंद केली, ते पैसे भाडेकरू आणि फ्लॅटवाल्यांकडे वळवले, कारण स्वतंत्र घरात चार्जर लावणं सोपंच असतं, अडतं ते सामाईक पार्किंगमध्ये.

तात्यांनी केबलचं लिहिलंय ते वाचून आवर्जून लिहावंसं वाटलं. इथे बिल्डिंगच्या मालकांना वेगळी ग्रँट ठेवली होती, एका इमारतीला ३०,००० पौंडांपर्यंत, आणि ती मुख्यतः वायरिंगसाठी, म्हणजे आज चार्जर लागला नाही तरी पुढे लागेल अशा जागांपर्यंत केबल नेऊन ठेवायला. आमच्या पार्किंगमध्ये चोवीस जागांपर्यंत लाइन तयार आहे, चार्जर फक्त नऊ. बाकीच्या जागांवर भिंतीत एक बंद डबा आहे बस. आपल्याकडे जुन्या सोसायट्यांसाठी असं काहीतरी व्हायला हवं असं मला फार वाटतं. आई बाबा कोथरूडला आहेत, त्यांच्या बिल्डिंगमध्ये हाच वाद चालू आहे.

वायरिंगवाले_तात्या

लीड्सकर, अगदी मनातलं बोललात. आपल्या २०२५ च्या धोरणात नवीन निवासी इमारतींना सगळं पार्किंग ईव्ही रेडी ठेवायची अट आहे, चांगलंच आहे ते. पण पुण्यात, ठाण्यात लोक राहतात त्या बहुतेक बिल्डिंगी दहा-वीस वर्षं जुन्या, त्यांच्या केबलला एक रुपया नाही. जुन्या सोसायट्यांच्या मेन केबलला आणि पॅनलला मदत दिली तर एका खर्चात वीस-पंचवीस गाड्यांची सोय होते. सोसायट्यांच्या फेडरेशनने हा मुद्दा लावून धरायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

हायवेवरचा_हॉटेलवाला

ह्या धाग्यात घुसतोय माफ करा, पण सबसिडीचा विषय आहे म्हणून. माझं सातारा रोडला शिरवळच्या पुढे हॉटेल आहे, पार्किंगला जागा भरपूर. रोज दहा-बारा गाडीवाले विचारतात चार्जर आहे का, नाही म्हटलं की चहा पण न घेता पुढे जातात. मला स्वतःला फास्ट चार्जर टाकायचा तर काय मिळेल? एकाने सांगितलं ८० टक्के सरकार देतं.

वायरिंगवाले_तात्या

हॉटेलवाले दादा, तो ८० टक्क्यांचा आकडा पीएम ई-ड्राइव्हचा आहे, पण तो कशाचे ८० टक्के हे नीट समजून घ्या. रस्त्याकडेच्या खाजगी जागेत ते अपस्ट्रीम खर्चाचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एचटी-एलटी (उच्च आणि कमी दाबाची) केबल, मीटरिंग वगैरे, चार्जिंग मशीनच्या किमतीचे नाहीत. आणि तुम्ही एकट्याने अर्ज करून ते मिळत नाही, सरकारी खातं किंवा नोडल संस्थेमार्फत जागांची एकत्र मागणी जाते. राज्याच्या धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग असावं असं उद्दिष्ट आहे आणि मोठ्या स्टेशनना खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत मदत आहे, पण ती मोठ्या क्षमतेच्या स्टेशनना, एका मशीनला नाही.

तुम्हाला माझा सल्ला विचाराल तर स्वतः लाखो रुपये अडकवू नका. चार्जिंग चालवणाऱ्या कंपन्या जागा शोधतच असतात, मशीन त्यांचं, कनेक्शन त्यांचं, जागा तुमची, आणि युनिटमागे किंवा महिन्याला ठरलेली रक्कम तुम्हाला. करारात दोन गोष्टी बघा. मशीन बंद पडलं तर किती तासात दुरुस्त करणार ते लिहून घ्या, आणि वीज कनेक्शन कोणाच्या नावावर ते स्पष्ट असू द्या. तुमच्या नावावर असेल आणि त्यांनी बिल थकवलं तर हॉटेलचाच लाइटचा प्रश्न यायचा. गाडी चार्ज व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात चार माणसं जेवून उठतात, तुमची कमाई ती.

हायवेवरचा_हॉटेलवाला

तात्या, कनेक्शनचा मुद्दा लाखमोलाचा सांगितलात, हे कोणीच बोललं नव्हतं. धन्यवाद.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी खजिनदार काकू, मी आणि बी विंगचे जोशी काका असे तिघं टेप घेऊन खाली उतरलो. मीटर रूमपासून सगळ्यात लांबचं पार्किंग ६४ मीटर निघालं, आणि पार्किंगच्या मध्यावर लिफ्टशेजारी एक कोरडी भिंत आहे ती ३१ मीटरवर. पॅनल तिथे बसेल असं वाटतंय. आत्ताच्या चौघांना विचारलं तर तिघं म्हणाले केबल काढून पॅनलवर यायला तयार आहोत, चौथ्यांनी नुकतेच २८ हजार घातलेत त्यामुळे त्यांची केबल तपासून जमली तर तीच पॅनलपासून पुढे वापरायची असं बोलणं झालंय.

त्या कंपनीच्या माणसाचा अखेर मेसेज आला, जीआरचा नंबर नाही पाठवला, "स्कीम अपडेट होत आहे" एवढंच. ग्रुपवर मी तात्यांनी सांगितलेली मुदत आणि मर्यादा दोन्ही लिहून टाकल्यात. थोडा हिरमोड झाला लोकांचा, पण कोणी वाद घातला नाही.

तात्या, एक शेवटचं विचारतो, वेगळ्या कनेक्शनला महावितरण आडकाठी करू शकतं का? आणि सोसायटीने परवानगी देईपर्यंत एखाद्याने घरच्या मीटरवर चार्जिंग केलं तर ते बेकायदेशीर धरतात का? दोन जणांना तीच भीती आहे.

वायरिंगवाले_तात्या

घरच्या मीटरवर चार्जिंग केलं तर चालतं, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच तसं स्पष्ट केलंय. फक्त मंजूर लोडच्या आत असायला हवं, नाहीतर लोड वाढवून घ्या. वेगळ्या कनेक्शनचं म्हणाल तर २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यात ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागण्याचा हक्क दिलाय आणि कनेक्शन देण्याची मुदत पण कमी केली, महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७, ग्रामीण भागात १५. नवीन लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर जास्त वेळ जाणार हे धरून चाला. अर्ज ऑनलाइन करा आणि नंबर जपून ठेवा.

३१ मीटर आणि कोरडी भिंत, छान जागा सापडली. पॅनल जमिनीपासून वर घ्या, पावसाळ्यात स्टिल्टमध्ये पाणी किती चढतं ते वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं.

सिंहगडरोडकर

विचारलं. २०१९ च्या सप्टेंबरात गुडघ्याच्या वर होतं म्हणाला, भिंतीवर त्याने हात ठेवून दाखवलं. त्याच्या वर दोन फूट अशी खूण करून आलोय खडूने.